गरम झाला की बंद पडणारा चेनसॉ: कार्बोरेटर धुऊनही तक्रार परत येते तेव्हा

तक्रार साधारण अशी असते. गार चेनसॉ चोक लावून दोन-चार दोऱ्यांत सुरू होतो, दहा-पंधरा मिनिटं लाकूड नीट कापतो, मग रेस दाबली की धाप लागल्यासारखा अडखळतो आणि बंद पडतो. लगेच दोरी ओढली तर घेत नाही. अर्धा तास सावलीत ठेवला की पुन्हा पहिल्यासारखा सुरू. मग कार्बोरेटर खोलून धुतला जातो, नवा प्लग बसतो, एक-दोन टाक्या मशीन छान चालतं आणि परत तेच.

मी इथे फक्त या एका तक्रारीबद्दल लिहितोय. अजिबात सुरू न होणारा चेनसॉ हा वेगळा प्रश्न आहे, तिथे बहुतेकदा जुनं पेट्रोल किंवा ओला प्लग एवढ्यावर भागतं. गरम झाल्यावर दगा देणारं मशीन जास्त छळतं, कारण दुरुस्तीच्या टेबलापर्यंत नेईस्तोवर ते गार झालेलं असतं आणि गार मशीनमध्ये सगळं ठीकच दिसतं. ठिणगी येते, दोरीला जोर लागतो, पेट्रोल पोचतं. म्हणून माझं म्हणणं असं की या दोषाची पहिली तपासणी बंद पडल्या जागी, पहिल्या दोन-तीन मिनिटांत करायची. पाने त्यानंतर काढायचे.

कार्बोरेटर धुतल्यावर काही काळ बरं का वाटतं तेही पाहू. तो काढताना टाकी रिकामी होते आणि पेट्रोल-तेलाचं ताजं मिश्रण पडतं. टाकीचं झाकण उघडतं. पेट्रोलचा पाइप हलतो, आतला फिल्टर झटकला जातो, एअर फिल्टर फुंकला जातो. यातल्या कुठल्यातरी एका गोष्टीने फरक पडलेला असतो, पण आपण समजतो की कार्बोरेटरच घाण होता. पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच हात घालतो आणि खरं कारण तसंच राहतं.

हे लांबवत नेण्यात धोका आहे. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी पडलं की पिस्टनला मिळणारं तेलही कमी पडतं, आणि हवा जास्त झाल्यामुळे आतली उष्णता वाढते. वारंवार असं चालवलेल्या मशीनच्या पिस्टनवर रेघा पडतात, शेवटी तो सिलिंडरमध्ये धरतो. पाचव्या-सहाव्यांदा "आज गरम होतोय, थोडा थांबू" म्हणण्याआधी कारण शोधायला हवं.

आधी कानाने

मशीन कसं बंद पडलं, ते ऐकलं की अर्धं काम होतं.

बंद पडण्याआधी आवाज क्षणभर चढला, बारीक आणि कोरडा झाला, मग इंजिन विझलं, तर पेट्रोल कमी पडलं किंवा कुठूनतरी जादा हवा आली. स्विच दाबल्यासारखं एका झटक्यात बंद पडलं, आधी काही बदल नाही, तर ठिणगीकडे बघायचं. आवाज जड, घोगरा होत गेला, धूर वाढला आणि मग ते गुदमरलं, तर पेट्रोल जास्त झालंय किंवा हवेचा नाहीतर धुराचा रस्ता बंद आहे. दोरी ओढताना एकदम सैल लागली, तर सिलिंडर आणि पिस्टनकडे लक्ष.

ज्या मशीनवर चोकचा खटका वेगळा आहे, तिथे आणखी एक परीक्षा करता येते. साखळी लाकडाबाहेर काढून, मशीन मरायला लागलं की चोक किंचित ओढून बघा. ते सावरलं तर पेट्रोलची कमतरता नक्की. आणखी लवकर मेलं तर तसं नाही. पेट्रोल वर खेचणारा रबरी फुगा मशीनवर असेल तर तोही कामाचा. इंजिन मरत असताना फुगा दाबल्यावर जीव आला, तर पुरवठा कमी पडतोय. आणि कितीही दाबला तरी फुग्यात बुडबुडे येतच राहिले, तर पाइप कुठेतरी हवा ओढतोय.

बंद पडल्यावरची दोन-तीन मिनिटं

साखळीचा ब्रेक लावा, मशीन सपाट जागी ठेवा, हातमोजे काढू नका. सायलेन्सर कातडी सोलेल इतका गरम असतो.

पहिलं, टाकीचं झाकण अगदी सावकाश, थोडंसं सैल करा. कान जवळ, तोंड लांब. हवा आत ओढल्याचा 'स्स' आवाज आला तर टाकीत पोकळी झाली होती. उलट हवा बाहेर आली तर आत दाब आहे, आणि अशा वेळी झाकण झटकन उघडलं तर पेट्रोल कारंज्यासारखं उडतं. गरम इंजिनावर ते पडलं तर भडका होऊ शकतो. म्हणून सावकाश, आणि जवळपास काहीही पेटतं नको. ऐकून झालं की झाकण घट्ट करा आणि मशीन तिथून चार-पाच मीटर बाजूला न्या.

दुसरं, प्लग काढा. त्याचं टोक कोरडं खडखडीत आणि पांढरट असेल तर पेट्रोल पोचत नव्हतं. ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, किंवा गरम मशीनला चोक लावून कोणीतरी ते ओव्हर केलंय, म्हणजे आत जादा पेट्रोल भरलंय. गरम इंजिनाला चोक लागत नाही, ही चूक फार जण करतात आणि मग मूळ दोष त्याखाली झाकला जातो.

तिसरं, ठिणगी. प्लग टोपणात घालून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या पंखांना (थंड होण्यासाठीच्या धातूच्या पट्ट्यांना) घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून शक्य तितका दूर, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. स्विच चालू ठेवा, दोरी ओढा. ठिणगी तपासायचं छोटं साधन मिळतं, ते असेल तर जास्त बरं. हवेत लोंबकळणाऱ्या प्लगने ही परीक्षा करू नका, ठिणगीला रस्ता मिळाला नाही तर ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलला इजा होते. गरम असताना ठिणगी गायब आणि गार झाल्यावर हजर, असं दिसलं तर दोष विजेच्या बाजूला आहे आणि कार्बोरेटरला हात लावायची गरज नाही.

चौथं, प्लग परत बसवून दोरीची मूठ हातात धरा आणि मशीन तिच्यावर लोंबकळू द्या. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चांगलं असेल तर मशीन थांबत थांबत, टप्प्याटप्प्याने खाली जातं. सरळ खाली घसरलं तर पिस्टन-रिंगची हालत वाईट आहे. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह मशीनवर असेल तर तो बंद आहे ना, ते आधी बघा.

या चार गोष्टी लिहून ठेवा. गार झाल्यावर यातलं काहीच हाती लागत नाही.

टाकीला श्वास न मिळणं

या तक्रारीत सर्वात आधी हीच जागा बघावी, कारण तपासायला काही लागत नाही आणि दुरुस्ती स्वस्तात होते.

पेट्रोल जसजसं खर्च होतं तसतशी तेवढी हवा टाकीत यायला हवी. त्यासाठी एक बारीक व्हॉल्व्ह असतो, हवा आत घेणारा पण पेट्रोल बाहेर न सोडणारा. काही मशीनमध्ये तो झाकणातच असतो, काहींत टाकीच्या वरच्या बाजूला वेगळा बसवलेला, काहींत एका बारीक नळीच्या टोकाला. भुसा आणि तेलाचा लगदा त्यावर बसला की तो बुजतो. मग बाटली ओठांना घट्ट लावून पाणी ओढत राहिल्यावर जसं थोड्या वेळाने पाणी यायचं थांबतं, तसं कार्बोरेटरचं होतं. मशीन बंद पडतं, थांबल्यावर हवा हळूहळू कुठूनतरी झिरपते आणि पुन्हा सुरू होतं. आपल्याला वाटतं की ते गार झालं म्हणून सुरू झालं.

खात्री करायची तर पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरपासून सोडवून त्याला हातपंप लावा आणि झाकण बंद ठेवून हवा ओढा. पोकळी टिकून राहिली तर व्हॉल्व्ह बुजलेला आहे. तो साफ करण्यात फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. फुंकून, धुऊन तो काही दिवस चालतो आणि पुन्हा अडतो. नवा बसवावा. झाकणाला भोक पाडण्याचा उपाय मात्र कोणी करू नये, मशीन आडवं धरलं की त्यातून पेट्रोल गळून गरम सायलेन्सरवर जातं.

पाइप आणि टाकीतला फिल्टर

टाकीत पाइपच्या टोकाला फिल्टर असतो. तारेचा छोटा आकडा करून तो तोंडातून बाहेर काढता येतो. काळपट, चिकट किंवा कडक वाटला तर बदला. धुऊन परत घालण्यात अर्थ नाही, बारीक घाण त्याच्या आतच राहते.

पाइप जास्त फसवतो. टाकीच्या भिंतीतून बाहेर येतो तिथे तो दुमडतो, आणि नेमकी तिथेच बारीक चीर पडते. सरळ ठेवला की चीर मिटते, वाकला की उघडते. पेट्रोल चिरेच्या वर असेपर्यंत सगळं ठीक, पातळी खाली गेली की पाइप हवा ओढायला लागतो. त्यामुळे "टाकी अर्धी झाली की बंद पडतो" अशी तक्रार आली तर मी पहिला संशय पाइपवर घेतो. तो बाहेर काढा, एक टोक बंद करा, दुसऱ्याने हवा भरा आणि पाण्यात बुडवून वाकवत बघा. बुडबुडे कुठून येतात ते लगेच दिसतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात, नंतर कडक होऊन तडकतात. पाइप बदलताना इंधनासाठी बनवलेलाच घ्या. साधी पारदर्शक नळी पेट्रोलमध्ये थोड्याच दिवसांत लाकडासारखी होते.

चोरून येणारी हवा

सर्वात जास्त मशीन खराब करणारं आणि सर्वात उशिरा सापडणारं कारण हे आहे.

कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये रबराची मोठी नळी असते. तिला चीर पडली किंवा तिची पट्टी सैल झाली की इंजिन कार्बोरेटरला वळसा घालून हवा घेतं. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, मिश्रण पातळ झालं. गार असताना रबर आवळलेलं असतं, चीर बंद असते. गरम झाल्यावर रबर सैल पडतं, चीर उघडते आणि तक्रार सुरू होते. याच भागात एक बारीक मार्ग किंवा नळी क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या बंद जागेतला) दाबाचा धक्का कार्बोरेटरच्या पंपापर्यंत नेते. हा धक्काच पेट्रोल टाकीतून वर खेचतो. ती नळी फुटली तर हवाही आत येते आणि पंपही दुबळा पडतो.

ओळखायच्या खुणा सांगतो. रेस सोडल्यावर इंजिनाचे फेरे लगेच खाली येत नाहीत, थोडा वेळ वरच अडकतात. स्लो, म्हणजे रेस सोडल्यावरचा इंजिनाचा मंद वेग, एका जागी ठरत नाही, आज बसवलं की उद्या बदललेलं असतं. मशीन डाव्या किंवा उजव्या कुशीवर फिरवलं की स्लोचा आवाज बदलतो. या शेवटच्या खुणेवरून क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) सीलचा संशय येतो. स्लोचा स्क्रू कितीही फिरवला तरी समाधान होत नसेल, तर फिरवणं थांबवा आणि गळती शोधा.

चालू इंजिनावर कार्बोरेटर क्लिनर किंवा तशाच ज्वलनशील द्रव्याचा फवारा मारून गळती शोधायची पद्धत बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. चेनसॉवर ती करू नका. सायलेन्सर काही सेंटिमीटरवर असतो आणि तो तापलेला असतो. त्याऐवजी दाब देऊन तपासा. सायलेन्सर काढून धुराच्या दारावर आणि रबरी नळीच्या कार्बोरेटरकडच्या तोंडावर रबराचा तुकडा घट्ट बसवा, दाबाची नळी नाहीतर प्लगचं भोक हातपंपाला जोडा, पिस्टन सर्वात खाली ठेवा. साधारण ०.५ बार दाब भरा आणि साबणाचं पाणी सोडा. दाब २० सेकंद जागेवर राहायला हवा. नंतर तेवढीच पोकळी करून बघा, कारण सील एका दिशेने धरतो आणि दुसऱ्या दिशेने सोडतो असं होऊ शकतं. फेस आला ती जागा पकडली: रबरी नळी, सिलिंडरचं पॅकिंग, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, क्रँकचे सील.

रबरी नळी घरी सहज बदलता येते. सीलसाठी एका बाजूचा क्लच आणि दुसऱ्या बाजूचा फ्लायव्हील (चुंबक असलेलं जड चाक) काढावा लागतो. बहुतेक चेनसॉचा क्लच उलट्या आट्यांवर असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. इंजिन अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून गाठी मारलेली मऊ दोरी आत सोडा. स्क्रूड्रायव्हर अडकवला तर पिस्टनला भोक पडतं. ही कामं कधी केली नसतील तर सील मेकॅनिककडून बसवून घ्यावेत, पण गळती कुठे आहे ते शोधून मगच मशीन द्यावं.

ठिणगीच्या बाजूचे दोष

गरम झाल्यावर ठिणगी जात असेल तर आधी प्लग बदलून बघा, त्यातली चिनी माती बारीक तडकलेली असू शकते. टोकांमधलं अंतर बहुतेक चेनसॉमध्ये ०.५ मिमी असतं. नंतर प्लगच्या टोपणातली स्प्रिंग बघा, ती गंजून अर्धवट टेकते.

नवी कॉइल मागवण्याआधी स्विचकडून कॉइलकडे येणारी बारीक वायर सोडवून मशीन चालवून बघा. ही वायर धातूला टेकली की इंजिन बंद होतं, स्विचचं काम तेच आहे. तिचं आवरण कुठेतरी घासून निघालं असेल तर गरम झाल्यावर आणि थरथरल्यावर ती आपोआप टेकते आणि मशीन झटक्यात बंद पडतं. वायर सोडवल्यावर स्विच काम करणार नाही, तेव्हा इंजिन चोक ओढून बंद करावं लागेल हे ध्यानात ठेवून ही परीक्षा करा, तीही लाकूड न कापता. तेवढ्यावर दोष गेला तर कॉइल चांगली आहे.

वायर ठीक असून गरमपणी ठिणगी जात असेल तर कॉइलच्या आतली तार तापून तुटक होते आहे. तिला दुरुस्ती नाही. नवी बसवताना कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यात साधारण ०.३ मिमी अंतर ठेवा, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) नसेल तर तेवढ्या जाडीचं कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळा. नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो.

मग कार्बोरेटर

इथवर काही सापडलं नाही तरच. आणि धुण्यापेक्षा डायफ्राम बदलण्यात खरा फायदा आहे. पेट्रोल मोजणारा पातळ पडदा वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये राहून कडक होतो. धुतल्यावर तो दिसायला स्वच्छ होतो, कडकपणा जात नाही. नव्या पडद्याशेजारी ठेवून बोटाने दाबून बघा, फरक लगेच कळतो. पॅकिंग आणि पडद्यांचा पूर्ण संच मिळतो, तो घ्या.

खोलताना प्रत्येक थराचा फोटो काढा. पॅकिंग आधी की पडदा आधी, हा क्रम दोन्ही बाजूंना वेगळा असतो आणि उलटा बसला तर मशीन चालतच नाही. पंपाच्या झाकणाखाली टिकलीएवढी बारीक जाळी असते, ती बुजली तर गार इंजिन जेमतेम चालतं आणि पूर्ण रेसला उपाशी राहतं. भोकांत तार घालू नका. पितळ मऊ असतं आणि भोक एकदा रुंदावलं की ते परत आणता येत नाही. पेट्रोल आत सोडणाऱ्या सुईचा छोटा दांडाही अंदाजाने वाकवू नका. जोडल्यावर पेट्रोलच्या तोंडातून ०.८ बार दाब भरा. तो टिकला तर सुई नीट बसते आहे.

एच (पूर्ण रेसचं पेट्रोल) आणि एल (स्लोचं पेट्रोल) लिहिलेले स्क्रू शेवटी, इंजिन गरम करून, एअर फिल्टर स्वच्छ आणि साखळी धारदार असताना. आधी दोन्ही स्क्रू किती फेरे उघडे आहेत ते मोजून लिहून ठेवा. एल फिरवत स्लो सर्वात चढतं ती जागा शोधा आणि तिथून पाव फेऱ्याच्या आत थोडा बाहेर काढा, रेस दाबल्यावर इंजिन अडखळता कामा नये. स्लोला साखळी अजिबात फिरता कामा नये. एच कधीही आत आवळून "आवाज मोकळा" करायच्या मोहात पडू नका. लाकडाबाहेर पूर्ण रेसला आवाज किंचित फडफडता हवा आणि लाकडात गेल्यावर तो साफ व्हायला हवा. इंजिनाचे फेरे मोजायचं यंत्र असेल तर पुस्तिकेतला कमाल आकडा ओलांडू नका. काही नव्या मशीनवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असतं, तिथे हे स्क्रूच नसतात.

बाकीच्या जागा

स्टार्टरचं कव्हर आणि वरचं झाकण काढून सिलिंडरचे पंख बघा. त्यात भुसा आणि तेल भरून घट्ट थर झालेला असतो, थंड हवा जात नाही आणि सगळं इंजिन जास्त तापतं. लाकडी काडीने खरवडा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि खरं तर कार्बोरेटर खोलण्याआधीच करावं.

सायलेन्सरमधली ठिणग्या अडवणारी जाळी काजळीने बुजली की इंजिन गुदमरतं, वरची रेस मिळत नाही. ती ब्रशने साफ होते. काढून फेकून मात्र देऊ नका, सुक्या पाल्यात तिच्याशिवाय आग लागू शकते.

बोथट साखळीने मशीन दाबून कापावं लागतं, पूर्ण जोर लावूनही भुशाचं पीठ पडतं, आणि मग दोष इंजिनावर येतो. धारदार साखळी लाकडाचे जाडसर कपटे काढते. साखळीला तेल पोचत नसेल तर बार (साखळी जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) तापतो आणि क्लचची बाजूही तापते. बारवरचं तेलाचं भोक काडीने मोकळं करा. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळजवळ संपायला हवी.

पेट्रोल-तेलाच्या मिश्रणाबद्दल एवढंच: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली तेल, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. मशीनच्या पुस्तिकेत आणि तेलाच्या डब्यावर जे लिहिलंय तेच. "जरा जास्त तेल बरं" म्हणून ओतलं तर काजळी वाढते, आणि तेवढं पेट्रोल कमी जाऊन हवा-पेट्रोलचं मिश्रण आणखी पातळ होतं. महिनाभरापेक्षा जुनं मिश्रण वापरू नये.

सायलेन्सर काढलाच आहे तर

टॉर्च लावून धुराच्या दारातून पिस्टन बघा. उभ्या रेघा फक्त याच बाजूला असतील तर पातळ मिश्रणाने किंवा अतिउष्णतेने ते झालं. पिस्टनच्या चोहोबाजूंनी रेघा असतील तर पेट्रोलमध्ये तेल नव्हतं. हवेच्या बाजूने घासलेला मंद, मळकट भाग दिसला तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ आत जात होती. गेज असेल तर कॉम्प्रेशन मोजा. १५० पीएसआयच्या आसपास असेल तर छान, १२० च्या खाली असेल तर गरमपणी सुरू व्हायला त्रास द्यायचाच. रेघा पडलेल्या मशीनमध्ये नवा पिस्टन घालण्याआधी रेघा का पडल्या ते वरच्या कारणांतून शोधा. हवेची गळती तशीच ठेवून बसवलेला नवा पिस्टन जुन्याच वाटेने जातो.

दुरुस्तीनंतर पाच मिनिटं चालवून "झालं" म्हणू नका. पूर्ण टाकी खऱ्या कामात, शेवटच्या थेंबापर्यंत चालवा, मधे मशीन वेगवेगळ्या कुशींवर धरून बघा. खूप वेळ पूर्ण रेसवर कापल्यानंतर बंद करण्याआधी थोडा वेळ स्लोवर चालू द्या, म्हणजे पंख्याची हवा साठलेली उष्णता घेऊन जाते आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळत नाही. मग पाच मिनिटं थांबून चोक न लावता दोरी ओढा. दोन-तीन ओढ्यांत घेतलं, तर प्लग काढून रंग बघा. फिका तपकिरी असेल तर मशीन कामाला लावा. पांढरट असेल तर अजून कुठूनतरी हवा येतेय, दाबाची परीक्षा पुन्हा करा आणि तोवर मशीन चालवू नका.